कॅमेऱ्याला सगळं दिसतं

...नाही, पण "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं जी बाई पाऊण तास सांगते, तिला स्वतःला तरी ते पटत असेल का हो? पाऊण तास! मधे मधे सनई! महत्त्वाचा आहे तर उचल ना! फसवणूक, तुम्हाला सांगतो, शुद्ध फसवणूक. दिवसाला आठ ग्लास पाणी... आठ कोणी मोजले? दहापैकी नऊ डेंटिस्ट म्हणे तीच पेस्ट सांगतात, मला तो दहावा भेटवा, घरी नेऊन जेवायला घालतो! छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले म्हणून आमचं लग्न लावलं, ते बत्तीस मी अजून शोधतोय, आमची विमल म्हणते, "माझे सगळे जागेवर आहेत, तुमचेच सापडत नाहीत." पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली मी, धरणाचा पत्ता नाही आणि उद्घाटनाची कोनशिला तयार, हे या डोळ्यांनी पाहिलंय. मला कोण फसवणार? अहो, अर्धं जग असंच चाललंय... वर लाल दिवा, आत काही नाही!

लाल दिवा कसला म्हणता? सांगतो, पण बाहेर बोलायचं नाही. आमची कर्वेनगरची निर्मळकुंज सोसायटी, मी तिचा सेक्रेटरी, आणि आमच्याकडे आठ कॅमेरे आहेत. गेटवर, लिफ्टजवळ, गच्चीवर... खाली पाटी, 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात'. आठ वर्षांपूर्वी खरे कॅमेरे परवडेनात, म्हणून मी आणि तेव्हाच्या चेअरमनांनी तपकीर गल्लीतून नुसते डबे आणले. प्लास्टिकचे! आत दोन सेल, बाहेर लुकलुकणारा दिवा. ते चेअरमन गेले मुलाकडे कॅनडाला, गुपित उरलं माझ्याकडे आणि विमलकडे. ही फसवणूक नव्हे हं, ही व्यवस्था! आठ वर्षांत एक चप्पल चोरीला गेली नाही, बोला!

आणि मग परवाच्या मंगळवारी गेलं ना घंघाळ! तळमजल्याच्या सुनीतीबाईंचं, पितळी, माहेरचं. लॉबीत पाणी घालून त्यात फुलं सोडायच्या. संध्याकाळी बघतात तर फुलं फरशीवर, घंघाळ गायब! गुरुवारपर्यंत सगळी सोसायटी लॉबीत उभी, आणि आत्ताचे चेअरमन साईनाथराव, त्यांचा तो आवाज, "सेक्रेटरी, सरळ आहे. वॉचमन बाहेरचा माणूस. आजच्या आज काढून टाका." अहो, वैजनाथ! वाशीमचा वैजनाथ, अकरा वर्षं गेटवर बसतोय, बायको-मुलीला घेऊन पंपाशेजारच्या खोलीत राहतोय, पोरगी यंदा बारावीला! नोकरी गेली की खोली गेली, खोली गेली की परीक्षा गेली. आणि हा बाबा काय करतो? रडत नाही, पाया पडत नाही. छाती पुढे काढून सगळ्यांसमोर म्हणतो, "फुटेज पाहा ना साहेब! म्या घेतलं असन तं दिसन! कॅमेऱ्याले सगळं दिसते!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आणि तोंडातून काय निघावं? "बघतो. रविवारी सभेत पडदा लावतो आणि फुटेज दाखवतो. सगळं. सगळ्या मजल्यांचं!"

घरी आलो तर विमल, "काय दाखवणार आहात? आपल्या गोव्याच्या ट्रिपचं शूटिंग?" म्हटलं, खरं सांगितलं तर लोक मला गच्चीवरून ढकलतील. तर म्हणाली, "मग जाऊ दे वैजनाथला. तुमची सेक्रेटरीशिप राहील." आणि आत गेली भाजी निवडायला. लाज वाटली हो. खरंच लाज वाटली. ठरवून टाकलं, रविवारी उभं राहायचं आणि सांगायचं, बाबांनो, वर लाल दिवा, आत काही नाही!

शुक्रवारी सकाळी सातला बेल. तिसऱ्या मजल्याचा शुभंकर, आयटीवाला. "काका, एक छोटीशी रिक्वेस्ट... टेरेसचं फुटेज, लाइक, स्किप करता येईल का? मी फक्त सोशली स्मोक करतो." मी अंदाजाने टोला हाणला, "सोशली? तू तर एकटाच असतोस!" पांढरा पडला पोरगा. "काका, तुम्ही ऑलरेडी बघितलंय!" तो गेला नाही तर निशाताई. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, जिन्याजिन्यावर पाट्या लावणाऱ्या निशाताई! "अहो, पहाटे ती पिशवी शेजारच्या सोसायटीच्या डब्यात... एकदाच हो... म्हणजे रोज एकदाच." दुपारपर्यंत रांग! कोणी कुत्र्याबद्दल, कोणी पाण्याच्या व्हॉल्व्हबद्दल, आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा आले ते म्हणाले, "काय केलंय ते आठवत नाही, पण पुसून टाका." मी प्रत्येकाला एकच, "बघू." विमल चहा करून करून दमली.

शनिवारी दुपारी कोण यावं? साईनाथराव! चपला हातात, आवाज गेलेला. "सेक्रेटरीसाहेब..." साहेब बरं का! गुरुवारी नुसता सेक्रेटरी होतो! "ते मंगळवारचं... अडीच-पावणेतीनचं... पाहिलंत?" मी चेहरा बँकेच्या कॅशियरसारखा ठेवला आणि म्हटलं, "पाहिलं." बसला माणूस सोफ्यावर मटकन! म्हणे, मुलाचा व्हिसा अडकलाय, वास्तुतज्ज्ञाने सांगितलं की तुमच्या दाराच्या ईशान्येला परक्याचं पितळ आहे, ते चाळीस दिवस अंधारात ठेवा. म्हणून ते घंघाळ यांच्या माळ्यावर, गादीच्या खोळीत! घ्या! पितळ हलवल्याने व्हिसा मिळतो यावर यांचा विश्वास, अकरा वर्षं दार उघडणाऱ्या माणसावर नाही! मी भडकलो. म्हटलं, "उद्या सगळ्यांदेखत वैजनाथची माफी मागायची. नाहीतर पडदा तयार आहे."

मागितली हो! हात जोडून मागितली! घंघाळ सुनीतीबाईंच्या हातात, वैजनाथची बायको पदराने डोळे पुसतेय. पडद्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. उलट ठराव आला, कॅमेऱ्यांमुळे न्याय झाला, तरी असेच आणखी आठ बसवावेत. एकमताने मंजूर! टाळ्या! आणि इकडे मी मनात, वर लाल दिवा, आत...

सभा संपली, वैजनाथला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा रे, तुला तरी खरं सांगतो, ते कॅमेरे पोकळ आहेत. तर हा शांतपणे, "मालूम हाय जी. दर दिवाळीले मीच पुसतो. मांगं वायरच नाही. एकात पालीनं अंडे घातले हायेत."

मी उडालोच! "मग फुटेज बघा, फुटेज बघा म्हणून का ओरडत होतास?"

"तुमाले सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नसतं ना साहेब."

ऐका! चौतीस वर्षं पाटबंधारे खातं! आणि मला कोणी गुंडाळलं, तर आमच्या वॉचमनने! वर म्हणतो कसा, "एक काम करा जी. गेटावरचा तेवढा भिंतीकडं फिरवा. दुपारी डोळा लागू देत नाही, सारखा पाह्यते माह्याकडं." म्हटलं, "अरे, आत काही नाही हे तुला माहितीय ना?" म्हणे, "मालूम हाय. पण पाह्यते."

हसलो मी, खो खो हसलो. काय ही भाबडी माणसं! म्हटलं, धर शिडी, आत्ता फिरवतो. चढलो वर, दिवा अगदी नाकासमोर आला, आणि तुम्हाला सांगतो... आधी केस नीट केले, मग डब्याला हात लावला.