तळ्याची भरती

नाही नाही गुणाजीकाका, तुम्ही उठू नका, तुम्ही जाळं सांधत बसा, मी इथंच होडीला टेकतो — ऐकायला काय, हात थोडेच लागतात. तर कुठवर आलो होतो मी? हां, चौदा हजार फूट. लडाख. तिथं वाळवंट आहे, पण थंड, म्हणजे पायाखाली वाळू आणि अंगात स्वेटर, आणि मधेच तळी — दोन, नावं मला अजून नीट घेता येत नाहीत म्हणून मी एक नंबर आणि दोन नंबर म्हणतो. झाड नाही, माणूस नाही, आणि पाण्यात मासे. आता तुम्ही म्हणाल, हे मला कशाला सांगतोस. तर ऐका. एक जूनपासून तुमची मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत तुम्ही काय करता? तुमची किशोरी बोलते, बाबा ओट्यावर बसून बातम्यांना शिव्या घालतात — म्हणजे असंच विषय निघाला म्हणून बोलली, आमची टेबलं शेजारी-शेजारी ना, बेलापूरच्या ऑफिसात, एवढंच. आणि तिकडचा रस्ता उघडतो नेमका त्याच सुमाराला. इकडचं बंद, तिकडचं चालू. हे मला सुचलं तेव्हा मी उभाच राहिलो, काका. मीटिंग चालू होती.

तर दोघंच जायचं, तुम्ही आणि मी, दहा दिवस. जाळं न्यायचं नाही, गळ. परवानगीचा कागद मी काढतो. फक्त एक आहे — मासा पकडला की परत सोडायचा. असं बघू नका ना काका, मी नाही केला नियम. पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा. हो, जिवंत. मोठा असला तरी. नाही, एक पण नाही, लहानसा पण नाही. मग जेवायचं काय? त्याची सोय झालीय, किशोरी सुकट आणि बोंबील बांधून देणार आहे, तीन पिशव्यांत, एकात एक. मला चालतं हो, आम्ही म्हसळ्याचे, पावसात सुकटीशिवाय आमच्याकडं असतं काय? लहानपणापासून टोपली दारात यायची, आई पायरीवर बसून घासाघीस करायची — तुमच्याकडची मासळी आमच्या घरी एकदम चालते. मासळीचा प्रश्नच नाही. प्रश्न दुसरा — ते जाऊ दे, ते नंतर.

आता हे बघा, मोबाईल जरा लांब धरतो, चष्मा नाही ना तुमचा. हे पूर्ण वेळापत्रक. दशमीला पोचायचं, पौर्णिमेचं उधाण धरायचं, चतुर्थीला निघायचं. आणि ह्या रकान्यात रोजची भरती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, बरोबर? द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे द्वादशीला सातलाच एक नंबरच्या काठावर बसायचं, पाणी चढता चढता मासा आत येणार, आपण तयार. रजा पण मी ह्याच्यावरच टाकलीय, तिथीवर. साहेबांनी विचारलं, तारखा अशा मधेच का, मी बोललो उधाण आहे. त्यांनी सही केली.

काय?

तळ्याला. हो, तळ्यालाच. तळ्याला भरती म्हणजे — नसते? पण पाणी म्हटलं की — थांबा. समुद्र नाही. चहूबाजूंनी डोंगर. येणार कुठून आणि जाणार कुठं. हो. बरोबर आहे तुमचं. हसू नका ना, सूत माझ्या गुडघ्यावर आलं. मला वाटलंच होतं, म्हणजे मला काय कळतंय, मी भातशेतीवाला, पण किशोरीनं एवढं ठाम सांगितलं — ती बोलली, भरती बघितल्याशिवाय पाण्याकडं जायचं नसतं, बाबा जात नाहीत, तू तिथीनं आखलंस तरच ते तुझ्याकडं बघतील. मग रेवदंड्याच्या पुलावर बसून तिनंच हे सगळं भरलं, दहाच्या दहा रकाने. तिला तरी कुठून सुचणार काका, जन्मापासून तिनं न हलणारं पाणी बघितलंय कुठं. नाही, म्हणजे भरलं मी. चूक माझी. पुलावर मीच होतो. म्हणजे — दोघं होतो.

कधीपासून? दोन वर्षं.

सुई खाली ठेवली का तुम्ही? ठेवा. सांगतोच. मला मासे पकडायचे नाहीत, मला गळाला गांडूळ लावता येत नाही, मी दोनदा बघितलं आणि दोन्हीदा तोंड फिरवलं. मला दहा दिवस हवे होते तुमच्याबरोबर. इथं तुमच्यासमोर आलो की तुमचे भाऊ, तुमचे शेजारी, होडीवरचे चार जण, मी बोलणार कधी? तिथं कोणी नाही. तिथं पाचव्या-सहाव्या दिवशी बोललो असतो — चतुर्दशी धरली होती मी — की मला किशोरीशी लग्न करायचंय. तुम्हाला उठून जायला जागा पण नसती. हे मी चांगल्या अर्थानं बोलतोय.

घरी? माझ्या? हो, सांगितलंय ना. म्हणजे जायचं सांगितलंय. लडाखला चाललोय, बाबा बोलले जा. कोणाबरोबर ते — मित्राबरोबर. शुभम. ऑफिसातला. नाही, शुभम असा कोणी नाहीये. शुभम म्हणजे तुम्ही.

आई तुमच्यासाठी लाडू देणार आहे. तिनं विचारलं, शुभमला बेसनाचे आवडतात का, मी हो बोललो.

किशोरीचं नाव? नाही काढलं. नाही, एकदा पण नाही. काय सांगणार काका — बाबा बोलतील आपल्यातली बघ, आई दोन दिवस जेवणार नाही, म्हणून आधी तुमचं, मग त्यांचं, असं मी — सोपं तिकडनं सुरू करतो असं नाही, तुम्ही सोपे आहात असं नाही म्हणायचं मला —

हो. तिला माहितीय की मी सांगितलेलं नाही. ती काय बोलते? हल्ली तर विषयच काढत नाही.

आत्ता? आत्ताच्या आत्ता घरी सांगू? उद्या सोमवार आहे, काका, ऑफिस — बरं. नाही, बरं. कळलं. अलिबागची रिक्षा तिथंच मिळेल ना, नाक्यावर? आणि तिथनं म्हसळ्याची गाडी. हो, आईला आधी. तिला आधी. निघालो.

एक विचारू? किशोरीला फोन करू का वाटेत, की —

बरं. तुम्ही करा.