शालू माझा, मोहिनी ते

...मग जळू नको तर काय करू, सांगा ना! बाईनं बाईवर जळावं, ते समजतं, पण मी जळले आमच्या ह्यांच्यावर, नवऱ्यावर! आन् शालू कुणाचा? माझा.

तुम्हाला सांगते, गणपतीत आमच्या कारेगावच्या मंडळानं विष्णूच्या अवतारांचा जिवंत देखावा केला. मोहिनी होणारी वैष्णवी तापानं आडवी पडली, मग सगळ्यांची नजर गेली ह्यांच्यावर. कंपनीत शिफ्टा करून सडपातळ झालेला माणूस, त्यात गोरा, मिशी न्हाई... झाली मोहिनी! मीच हौसेनं लग्नातला शालू दिला, नथ दिली, काजळ घातलं, आन् पडदा उघडला तवा मलाच हे ओळखू येईनात. हातात अमृताचा घडा, मान जराशी वाकडी, हळूच हसून देवांना अमृत वाढतायत, आन् राक्षस झालेले बाप्ये खरंच तोंडं उघडी टाकून बघतायत. पार शिरूरवरनं बाया आल्या, ह्यांना खेटून फोटो काढले, आन् मोबाईल धरायला कोण? मी. शालू कुणाचा? माझा.

सासूबाईंनी तर कहर केला. नऊ वर्षांत माझी एकदा दृष्ट काढली न्हाई, त्या दिवशी लेकावरनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या आन् शेजारच्या भागुबाईला म्हणतात कशा, "अशी सून पाहिजे होती बघ."

मग माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी शालू कपाटात घालून कुलूप लावलं आन् किल्ली हरवली म्हणून सांगितलं. दारात सगळे देव मुकुट घालून खोळंबलेले, सासूबाई तोंडाला येईल ते बोलतायत, पण हे काय चिडले न्हाईत. जवळ आले, हळूच म्हणाले, "सारिके, मला कुठं येतंय गं बाईसारखं चालायला? तू पाण्याची कळशी घेऊन येतीस ना, तसा चाललो. लोकं बघतायत ती तूच हायस."

लग्न झाल्यापासनं असलं कधी बोलले न्हाईत हो... गुपचूप किल्ली काढली, कपाट उघडलं. तेवढ्यात सासूबाई मधीच, "तिची कशाची चाल? तिच्या निऱ्या तरी कधी सरळ पडल्यात का?"

खोटं कशाला बोलू, ते मात्र खरं हाय. परवा भाचीच्या साखरपुड्याला निघायचं होतं, शेवटी ह्यांनाच हाक मारली... म्हणलं, अहो, या जरा, निऱ्या तेवढ्या घालून द्या.