दहापैकी तीन

हळू बोलू? मोठ्यानेच बोलणार. तुम्ही तक्रारी लिहून घेणारे साहेब ना — मग बसा इथे, या बाकावर, आणि लिहा. गुळगुळीत करून लिहू नका, मी बोलते तसंच लिहा. मला वाचता येतं. शाळेत पाय ठेवला नाही, पण पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकलेय, शेवटी अक्षर न् अक्षर तपासून घेणार आहे. तर — सकाळी दहाला आमच्या ह्यांना घेऊन आले. चालत आले हो, स्वतःच्या पायांनी. दारातच ती टेबलावरची सिस्टर. कोणाला आधी आत घ्यायचं, कोणाला थांबवायचं, ते ती ठरवणार — वय काय तिचं? माझी नात शोभेल! तिने नाडी बघितली, दाब बघितला आणि ह्यांच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला. हिरवा म्हणजे काय, तुम्हाला मी सांगू? लाल असला की थेट आत, पिवळा असला की थोड्या वेळाने, आणि हिरव्याने भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचं. दीड तास बघितलं. आमच्यामागून आलेला एक जण, बोटाला फडकं गुंडाळलेला, तोसुद्धा गेला आत — आणि आमचे हे घामाने चिंब, सदरा पाठीला चिकटलेला, आणि मी — मी म्हणतेय, सरळ बसा, लोक बघताहेत.

मग खुर्चीवरून घसरले. कपड्यांचं बोचकं पडावं तसे खाली. तेव्हा काय धावपळ! स्ट्रेचर काय, आरडाओरडा काय! आता चाळीस मिनिटं झाली, त्या समोरच्या दारामागे आहेत. हार्ट अटॅक म्हणे. आता कळलं ह्या शहाण्यांना! लिहा — निष्काळजीपणा. आणि त्या मुलीला आजच्या आज घरी बसवा. हो, नोकरीवरून काढा म्हणतेय मी, त्यात लाजायचंय काय?

काय? तिने विचारलं काय काय? विचारलं की. सगळं विचारलं, विचारायला काय जातंय! "बाबा, कुठे दुखतंय?" ह्यांनी हात इथे ठेवला — इथे, छातीवर. मी म्हटलं, पित्त आहे, वेळेवर जेवतात कुठे! मग म्हणाली, "बाबा, दहापैकी किती दुखतंय?" म्हणजे एक असेल तर किरकोळ, दहा म्हणजे सोसवत नाही. आता ह्यांना असलं कुठलं जमायला! एक्कावन्न वर्षं संसार केलाय — बँकेत मी बोलते, दुकानात मी बोलते, व्याह्यांसमोर मीच बोलले, हे नुसते शेजारी उभे. मी सांगून टाकलं, तीन. तर म्हणते कशी, "आजी, त्यांना बोलू द्या." मला! कालची पोर मला शिकवणार!

बोलले ना. हे बोलले. "आठ" म्हणाले — हळूच. आणि मी हसले. मोठ्याने हसले, रांगेतल्या सगळ्यांसमोर. म्हटलं, सिस्टर, ह्यांना काटा रुतला तरी आठच असतं, तुम्ही तीन लिहा. ती ह्यांच्याकडेच बघत राहिली, पुन्हा विचारलंन्, "बाबा?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले — "ही म्हणते तसं."

पेन का थांबलं तुमचं? असं काय बघताय? कीव करू नका माझी, खबरदार! तिने जोर करायला हवा होता, म्हणायला हवं होतं, म्हातारे, तू गप्प बस — पण ती कुठली म्हणायला, आजवर मला कोणाची म्हणायची छाती झालीय का? हे तरी म्हणाले का कधी? एकदा म्हणाले असते — एकदाच —

खोडा. अहो, शेवटचं नव्हे! ते राहू द्या — तीन, आठ, मी हसले ते, सगळं राहू द्या. वरचं खोडा. निष्काळजीपणा, घरी बसवा, ते सगळं. नुसती रेघ नको, गिरवून काळं करा, कोणाला वाचता येता कामा नये. आणा इकडे. अंगठा कसला, सही करते मी. झालं? उठा आता. उठा म्हणते ना — दार उघडतंय, डॉक्टर येताहेत, त्यांच्या तोंडाकडे मला एकटीला बघू द्या.