पेटीचा पलंग

पेटीचा पलंग घेणार असाल तर आधी माझं ऐका. घर आवरलेलं दिसावं म्हणून पोरानं तसला पलंग आणला. खाली पेटीत गहू, वर मी. एका दुपारी सुनेला गहू पाहिजे होते. माझी झोपमोड नको म्हणून दोघांनी मला गादीसकट उचलून जमिनीवर ठेवलं. आमच्याकडं जीव जाणाऱ्यालाच असं खाली घेतात. शेजारच्या भानुदासानं दारातून बघितलं अन् घडीभरानं आख्खी आळी घेऊन रडत आला.

"आबा, कसं गेलात वो!"

मी डोळे उघडले. "बोंबलू नको बे, गहू काढायलेत."

तो माझ्यावरच तापला. "म्या समद्यांना फोन केलेत की! कडा गावाहून पाहुणे निघाले बी!"

म्हणलं, "मग पडून ऱ्हातो. त्यांची खेप काहून वाया घालवायची?"