हा खवा उपासाला चालत नाय

पेढ्यांचा विषय काढलात म्हणून सांगतो. वडखळला चहा पीत होतो, तर फूड इन्स्पेक्टरनं मला पंच म्हणून बोलावलं. गुजरातहून खवा घेऊन आलेला टेम्पो त्यानं अडवला होता. डबा उघडला आणि आंबूस वास पार टपरीपर्यंत आला.

ड्रायव्हर रोह्याजवळच्या अष्टमी गावचा. म्हणाला, "ताजा हाय, सायेब."

"कुणाकडे चाललाय?"

त्यानं रोह्याच्या ज्या हलवायाचं नाव घेतलं, त्याच्याकडेच माझ्या मुलीच्या साखरपुड्याचे पेढे सांगितलेले!

इन्स्पेक्टर म्हणाला, "ताजा आहे ना? मग खा थोडा."

"आज संकष्टी, सायेब. उपास हाय."

"अरे, खवा उपासाला चालतो."

ड्रायव्हरनं डब्याकडे बघितलं.

"खवा चालतो ओ सायेब. पन ह्यो नाय चालत."