यंदा रंग नको

गरमागरम खिमा-पॅटीच्या दुकानासमोरच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या जमैकन गावातल्या शाळेच्या हेडबाई, मिस पिनॉक. त्यांच्यापुढे त्यांचाच जुना विद्यार्थी ऑर्विल, आता सेवा क्लबचा अध्यक्ष. ऐकलं तसं सांगतो, फार तर चिमूटभर तिखट घालून.

"बाई, कालच्या सभेत एकमतानं ठरलं. तेवीस मेच्या लेबर डेचं श्रमदान तुमच्याच शाळेत. भिंत रंगवणार!"

"पुन्हा? अरे, दरवर्षीच्या रंगानं भिंत इतकी जाड झालीय, की वर्गातला एक बाक बाहेर काढावा लागला."

"काहीतरीच, बाई!"

"आणि छप्पर गळतंय त्याचं काय? जून लागला की वादळं सुरू. तिसरीची पोरं छत्र्या उघडून पाढे म्हणतात."

"रस्त्यावरून दिसते ती भिंत. छप्पर कोण बघतं? पेपरवाला फोटो कशाचा काढणार?"

"ऐक. त्या दिवशी मी बकऱ्याची करी रांधणार. ताट मिळेल ते छपरावरून उतरणाऱ्याला. ब्रश घेऊन येईल त्यानं घरी जाऊन जेवावं."

"ही दादागिरी झाली!"

"झाली तर झाली. पत्रे मी मिळवलेत, खिळेही. हात तेवढे तुमचे हवेत."

"पण रंग आणून झालाय, बाई."

"पत्र्यांना द्या. गंजणार नाहीत."

"आणि फोटो?"

"छपरावर ताठ उभा राहा. बाजारापासून चर्चपर्यंत अख्ख्या गावाला तू दिसशील."

रांग पुढे सरकली, ऑर्विल मात्र जागीच.

"बाई, शिडी शाळेत आहे, की आम्हीच आणायची?"