डाव्या अंगठ्याचा गिअर

मास्तरीणबाईंच्या पंक्चरवरचं सोल्युशन वाळेपर्यंत मिस्त्रीने पुढचं गिऱ्हाईक घेतलं. बाकावर बाईंच्या शेजारी बसलेले वडील आणि त्यांची मुलगी, समोर वडिलांची डोंगर चढायची सायकल.

“काका, अडचण काय?”

“डावा अंगठा. आजारपणापासून माझं ऐकत नाही, पुढचा गिअर बदलता येत नाही. मी तर हिला सायकल विकायची जाहिरात द्यायला सांगितलीय.”

“म्हटलं, एकदा दाखवून तरी घेऊ,” मुलगी म्हणाली.

“बाकीची बोटं?”

“ती शहाण्यासारखी वागतात. ब्रेक दाबतात.”

“मग पुढच्या, पेडलजवळच्या तीन दातेरी चकत्या काढून एकच बसवू. डावीकडचा गिअर राहणारच नाही, सगळे उजव्या हातात.”

“महाग असेल.”

“साधा सेटही मिळतो, काका. तुम्हाला कुठे शर्यत मारायचीय?”

“पण चढ चढेल का हो? बाबा अर्ध्यात अडकले तर?”

“मागची मोठी चकती ताटाएवढी टाकतो, ताई. फार तर हळू जातील.”

“आधी तरी कुठे वाऱ्यासारखा जायचो?”

सोल्युशन केव्हाच वाळलं होतं. बाई तशाच ऐकत बसल्या.

“बसवा तर मग. आणि तू ती जाहिरात आजच्या आज काढ.”

“दिलीच नव्हती, बाबा.”